गोड्या पाण्याची पेटी

मी पत्र्याची एक पेटी बोलतेय. दिसायला साधीच आहे. वर तिरपी काच, आत काळं सुती कापड, काचेच्या खालच्या कडेला बारीक पन्हळ आणि पन्हळीच्या टोकाला तोटी. सकाळी माझ्यात खारं पाणी ओता, मला उन्हात सोडा आणि आपापल्या कामाला जा. ऊन कापडातलं पाणी उडवतं, ते काचेला आतून धरतं, ओघळत पन्हळीत उतरतं. मीठ कापडावरच राहतं. संध्याकाळी तोटी उघडलीत की गोडं पाणी मिळतं. ही विद्या माझी नाही, मिस्बाहची आहे. माझ्या आयुष्यात जे बरंवाईट झालं ते तिच्या पाठोपाठ झालं, म्हणून तिच्यापासूनच सांगते.

मिस्बाह अकोल्याच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात तिच्या वडिलांचं, जैनुद्दीनभाईंचं, कूलरचं दुकान होतं. उन्हाळ्यात तिथे मान वर करायला फुरसत नसे. पावसाळा लागला की दुकान पेंगायला लागे. अशाच एका रिकाम्या हंगामात, दिवाळीच्या आगेमागे, कूलरच्या उरलेल्या पत्र्यातून माझा जन्म झाला.

त्याला कारण होती हाजराबी, मिस्बाहची खाला, म्हणजे मावशी. बाळापूरकडच्या खेड्यात तिचं सारं आयुष्य गेलं. तिची किडनी निकामी झाली तेव्हा मिस्बाहच तिला दवाखान्यात घेऊन जायची. तिथल्या बाकांवर बसलेली बरीचशी माणसं पूर्णेच्या खोऱ्यातली असायची. खारपाणपट्टा म्हणतात त्या मुलखाला. वर काळी, कसदार जमीन आणि खाली खारट पाणी. ते पिकाला द्यावं तर जमीन खराब होते, त्यात डाळ शिजत नाही, चहा करावा तर दूध फाटतं. आजार पाण्यानेच होतो असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नसत, पण प्रत्येक पेशंटला "पाणी कुठलं पिता?" हे मात्र विचारत. खाला गेली आणि तो प्रश्न मिस्बाहच्या डोक्यात राहून गेला.

जैनुद्दीनभाईंनी माझा पत्रा कापला, वाकवला, सांधे भरले. लेक काय करते आहे हे त्यांना नीटसं कळत नव्हतं.

"बेटा, कूलरमंदी आपन गवत भिजवतो आन हवा थंडी करतो," ते म्हणाले. "तू कापड भिजवून पानी गरम करून राहिली. तुहा धंदा उलटाच हाय."

"अब्बा, काच जरा अजून तिरपी पाहिजे," एवढंच मिस्बाह म्हणाली.

पहिल्या दिवशी माझ्यातून जेमतेम कपभर पाणी आलं आणि त्याला पत्र्याचा वास होता. जैनुद्दीनभाईंनी तोंड वाकडं केलं. मग आतून वेगळा थर दिला, कापड बदललं, पन्हळ बदलली. कितीतरी वेळा मला उघडलं आणि पुन्हा जोडलं. शेवटी एका संध्याकाळी मिस्बाहने माझं पाणी पेल्यात घेतलं, चाखलं आणि वडिलांपुढे धरलं. त्यांनी घोट घेतला, थांबले, पुन्हा घेतला. पेला उलटा करून त्यांनी उरलेलं पाणी डोळ्यांना लावलं. हाजराबी त्यांची मेहुणी होती.

महाविद्यालयात विभागप्रमुख म्हणायचे, "मॅडम, पेपर लिहा. पेट्या कशाला ठोकत बसता?" मिस्बाहने पेपरही लिहिला आणि पेटंटही मिळवलं. मग वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात विभागप्रमुख मधोमध उभे होते आणि मिस्बाह कडेला. मी तर फोटोत नव्हतेच.

पुढे अमरावतीच्या एका प्रदर्शनात रागिणी भेटली. ती तिथल्या महाविद्यालयात व्यवस्थापन शिकवायची. बोलायला फटकळ, चालायला झपाझप. टेबलाशी आली, न विचारताच माझी तोटी उघडून ओंजळभर पाणी प्यायली.

"हे तू कपाटात ठेवणार आहेस?" तिने विचारलं.

"मग काय करू?"

"कंपनी काढू."

मिस्बाहला हसू आलं. रागिणी मात्र हसली नाही. काही महिन्यांनी तिने खरोखरच आपली पक्की नोकरी सोडली. कंपनीला तिनेच 'गोडझरा' नाव दिलं. दोघी स्कूटीवर बसून गावोगाव हिंडल्या, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. "घरी कुणी माणूस नाही का धंद्यात?" हे त्यांना इतक्या ठिकाणी विचारलं गेलं की शेवटी रागिणी सांगायची, "आहे ना, जैनुद्दीनभाई आहेत, पण त्यांना पत्र्यातलं कळतं, तुमच्यातलं नाही."

ती वर्षं वाईट होती. एका साली पाऊस दगा द्यायचा, पुढच्या साली पीक यायचं तर भाव नसायचा, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी शिरली. बाहेरून बोंड चांगलं दिसे, फोडलं की आत काळं. खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्यावर दुसरं काही घेताही येत नाही. अशा वेळी पुण्याच्या काही गुंतवणूकदारांनी दोघींचं म्हणणं ऐकून घेतलं. त्यांची अट होती. एका गावात घरोघर पेट्या द्या, वर्षभर लोकांना ते पाणी पिऊ द्या, सुरुवातीला आणि शेवटी रक्त तपासा. फरक दिसला तर अकोल्यात कारखाना काढू.

त्यासाठी नव्या पेट्या तयार झाल्या. पांढऱ्याशुभ्र, फायबरच्या, कंपनीचं नाव छापलेल्या. मी दुकानाच्या कोपऱ्यात कूलरच्या जाळ्यांमागे पडून होते. पण गावाकडे जाताना एका नव्या पेटीची काच रस्त्यातच फुटली आणि मिस्बाहचा फोन आला, "अब्बा, आपली जुनी पाठवा."

अशी मी मन नदीच्या काठच्या त्या खेड्यात, महादेवराव आणि वच्छलाबाईंच्या घरी आले.

मला मागच्या अंगणात, कडुनिंबाची सावली पोचणार नाही अशा दगडी ओट्यावर ठेवलं. घराच्या पुढे ओसरी, तिथे महादेवराव, त्यांचा मुलगा गोपाल आणि येणारी-जाणारी माणसं. मागे मी, धुण्याचा दगड, बोअरच्या पाण्याचा रांजण आणि वच्छलाबाई.

तिचं काम मला फार आवडायचं. शेतात निघण्याआधी ती माझी काच ओल्या फडक्याने पुसायची. कापडावर मिठाचा पापुद्रा धरला की हलक्या हाताने धुवायची, घरातलं लहान मूल न्हाऊ घालावं तशी. मिस्बाहने एकदा दाखवलं होतं, तिला पुन्हा सांगावं लागलं नाही. संध्याकाळी शेतातून आली की आधी माझ्याकडे यायची. तोटीखालची कळशी उचलायची, पाणी गाळून पितळी हंड्यात ओतायची.

त्या हंड्यातलं पाणी महादेवरावांच्या तांब्यात जायचं. गोपालच्या बाटलीत जायचं. पाहुणा आला की चहात जायचं. उरलेलं वरणात. त्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजायची आणि गोपाल मागून मागून वरण घ्यायचा. मग वच्छलाबाई मागे यायची, रांजणात लोटी बुडवायची आणि बोअरचं पाणी गटागटा प्यायची.

मला वाटलं, एखाद्या दिवसाचं असेल. पण तिचं रोजचंच होतं.

मिस्बाह महिन्यातून एकदा यायची. ओसरीवर खुर्ची टाकून तिला बसवत, माझ्याच पाण्याचा चहा येई. मग ती सगळ्यांना विचारायची. भिंतीपलीकडचं बोलणं मला स्पष्ट ऐकू यायचं.

"काकू, तुम्ही पेटीचं पाणी पिता ना?"

"पितो ना म्याडम. रोज पितो."

"आमच्या घरी कोनाले मनाई नाई," महादेवराव वरून सांगायचे. "सारेच पितात."

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. मला तोटी आहे आणि तीही दुसऱ्याने उघडावी लागते.

एकदा पुण्याहून फोटो काढणारा आला. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर गावातली बाई हवी होती. त्याने वच्छलाबाईला माझ्याशेजारी उभं केलं, हातात चकचकीत पेला दिला. "ताई, प्या आणि जरा हसा." ती प्यायली. "अजून एकदा." ती पुन्हा प्यायली. उजेड बरोबर पडेना, म्हणून पुन्हा. मिस्बाह आणि रागिणी कौतुकाने बघत होत्या. फोटोवाला आपलं सामान आवरायला वळला तेव्हा वच्छलाबाईने पेला तोंडावर उलटा धरला आणि तळाचे थेंब पडेपर्यंत तसाच धरून ठेवला. माझं पाणी तिने त्या दिवशी पहिल्यांदा चाखलं होतं.

वर्ष संपलं. रक्ताचे अहवाल आले. पुरुषांचे आकडे बऱ्यापैकी सुधारले होते. बायांचे होते तिथेच होते, काहींचे घसरले होते. वच्छलाबाईचे सगळ्यांत जास्त घसरले होते. तिच्या पायांना सूज यायला लागली होती, पण ती म्हणायची, "दिवसभर उभं राहून कापूस वेचला का येतेच."

मिस्बाहला वाटलं, माझ्यात बिघाड आहे. जुनी पेटी, सांधे गळत असतील, खारं पाणी गोड्यात मिसळत असेल. ती एकटीच आली, सरळ मागच्या अंगणात, आणि माझं पाणी तपासायला बसली. पाणी स्वच्छ होतं. तिने पुन्हा तपासलं, तरीही स्वच्छ. मग निंबाखाली डोकं धरून बसली.

तेवढ्यात वच्छलाबाई शेतातून आली. ऊन मी म्हणत होतं. पदराने तोंड पुसत ती रांजणाशी गेली, लोटी बुडवली आणि प्यायली. दुसरी लोटी तोंडाला लावणार, तर समोर मिस्बाह.

"काकू, हे बोअरचं पाणी आहे ना?"

लोटी तशीच हातात राहिली. "हाव."

"पेटीचं काहून नाही पीत?"

"त्याले पुरते कुठं, माय?" वच्छलाबाई लोटी खाली ठेवत म्हणाली. "मालकाचं पेनं हाय, गोपालचं हाय. कोनी आलं-गेलं तं चहा हाय. आन वरन आता त्याच पान्यात शिजते. बोअरच्या पान्यात शिजवलं तं गोपाल ताट सरकवते. मंग मी कुठून पिऊ?"

"पण मला तुम्ही रोज पितो म्हणून सांगत होत्या."

"तुमी ओसरीवर विचारत होत्या. मालक बाजूले बसून राहत. त्याईच्या म्होरं मी कसं सांगू? ते म्हनले असते, तुले कोनं मना केलं?" तिने पदर खोचला. "आन कोनं मना नाईच केलं ना. कोनंच नाई केलं."

मिस्बाहने तिच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "मी इथं मागे येऊन विचारलं असतं तर?"

"मागं कोन येते वो?" वच्छलाबाई म्हणाली. त्यात राग नव्हता. तिने माझ्यावरची धूळ पदरानेच झटकली आणि चुलीकडे गेली.

त्या दिवशी मिस्बाह गावातल्या प्रत्येक घराच्या मागच्या दारी गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा सांगत होता की बहुतेक ठिकाणी हेच होतं.

दुसऱ्या दिवशी रागिणी अमरावतीहून आली. दोघी माझ्याजवळच उभ्या राहून बोलल्या, घरात कुणी ऐकू नये म्हणून.

"मग प्रश्न सुटला," रागिणी म्हणाली. "पेटी चांगली आहे. ज्यांनी पाणी प्यायलं ते सुधारले. ज्यांनी प्यायलंच नाही त्यांना चाचणीतून वगळायचं. यात खोटं काय आहे?"

"मुखपृष्ठावर वच्छलाकाकूंचा फोटो ठेवून?"

"फोटो बदलू."

"आणि आतलं काय बदलशील? घरात पाणी कमी असलं की ते बायांपर्यंत पोचत नाही, हे आता आपल्याला माहीत आहे. माहीत असून हीच पेटी हजारो घरांत द्यायची? पेटी मोठी हवी रागिणी, नाहीतर घराला दोन हव्यात. आणि बायांशी बोलायला माणसं हवीत. हे सगळं अहवालात लिहायला पाहिजे."

"लिही. मग ते म्हणतील दुप्पट खर्च, फरक निम्म्याच लोकांत, आणि उठून जातील. मग कुणालाच काही मिळणार नाही. महादेवरावांना नाही, वच्छलाबाईंना तर नाहीच. आधी ही पेटी बाजारात जाऊ दे. मोठी मग काढू."

"मग म्हणजे कधी? काकूंचे पाय बघितलेस?"

रागिणीचा आवाज बारीक झाला. "तुझी नोकरी शाबूत आहे मिस्बाह. माझी नाही."

रागिणी वाईट नव्हती. ती ओंजळभर पाणी पिऊन माझ्यासाठी पक्की नोकरी सोडून निघालेली बाई होती.

मिस्बाह सगळं खरं लिहून पुण्याला गेली. तिथे काय झालं ते मला पुढे कळलं. माझी काच वानराने उडी मारून फोडली, म्हणून महादेवराव मला एसटीच्या टपावर बांधून जुन्या शहरात जैनुद्दीनभाईंकडे घेऊन आले होते. तिथे बापलेकीचं बोलणं कानावर पडलं. पुण्याच्या लोकांनी तिचं कौतुक केलं, चहा दिला, तुमच्या प्रामाणिकपणाचा आदर वाटतो असं म्हणाले आणि पैसे गुंतवायला नाही म्हणाले. कंपनी बंद झाली. फायबरच्या उरलेल्या पेट्या कुणीतरी नेल्या. रागिणी अमरावतीला तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. ती मिस्बाहचा फोन घेत नव्हती.

"बेटा, तुनं चूक केली का?" जैनुद्दीनभाईंनी विचारलं.

"माहीत नाही अब्बा," मिस्बाह म्हणाली. "खरंच माहीत नाही."

महादेवराव दुकानाच्या पायरीवर टोपी हातात घेऊन बसले होते. नवी काच बसली तरी उठेनात.

"भाई, आनखी एक पेटी पायजे होती," ते म्हणाले. "याच्याहून मोठी."

"पाहुणे वाढले काय?"

"नाई. तिच्यासाठी." त्यांनी मिस्बाहकडे बघितलं नाही. "काल दवाखान्यात डाक्टरनं विचारलं, बाई पानी कोनतं पिते? मी म्हनलं, पेटीचं. तं गोपालची माय माह्याकडे पाहून म्हने, खोटं नोका सांगू आता. माह्याच म्होरं सांगतलं तिनं."

जैनुद्दीनभाईंनी त्याच दिवशी पत्रा कापायला घेतला. कूलरचा हंगाम तोंडावर होता, गिऱ्हाइकं हाका मारत होती, त्यांनी लक्ष दिलं नाही. मिस्बाहने स्वतः कापड बेतलं. मोठी पेटी तयार झाली, आणि आम्ही दोघी टेम्पोत शेजारी बसून गावाला आलो. मिस्बाह आमच्यासोबत होती.

आता त्या घरात गोडं पाणी भरपूर असतं. दोन्ही पेट्या महादेवराव भरतात. कापड धुताना त्यांचा हात जड पडतो, पण शिकले आहेत. गोपाल बोअरच्या रांजणावर आता झाकणी ठेवतो आणि आईला त्याला हात लावू देत नाही. संध्याकाळी महादेवराव पहिला पेला भरून तिच्यापुढे धरतात.

वच्छलाबाई आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिसला जाते, सुया टोचून रक्त धुऊन घेते. पहिल्यांदा पेला पुढे आला त्या दिवशी तिने तो घेतला, ओठ ओले केले आणि परत दिला.

"घे ना," महादेवराव म्हणाले. "पोटभर पे. आता कमी नाई."

"डाक्टरनं मोजून सांगतलं हाय," ती म्हणाली. "दिवसाले एवढंच. जास्ती पेलं का अंगात साचते, दम लागते. किडनी बाहेर टाकत नाई म्हने."

महादेवरावांच्या हातातला पेला तसाच राहिला. मिस्बाह तिथेच उभी होती. तिने तोंड फिरवलं आणि माझी काच पुसायला लागली. काच स्वच्छच होती.

मिस्बाह अजून शिकवते. रविवारी स्कूटीवर गावोगाव जाते. पुढच्या दाराने नमस्कार करते आणि मागच्या दारी जाऊन बसते. कंपनीचं पुन्हा काही जमेल का, कुणी पैसे लावेल का, मला माहीत नाही. जैनुद्दीनभाई पावसाळ्यात रिकामे असले की एखादी मोठी पेटी ठोकून ठेवतात.

माझा पत्रा आता कडेने गंजतो आहे. अजून एखादा उन्हाळा मी काढेन. ओट्यावर ऊन आलं की माझं काम सुरू होतं आणि बाजूला वच्छलाबाई बाजेवर पडून काचेवरचे थेंब बघत असते. तिला तहान लागलेली असते, ते मला दिसतं. म्हणून तुम्हाला एकच विनंती करते. तुमच्याही घरात कुणीतरी पाणी भरत असेल. ती स्वतः कुठलं पाणी पिते, हे तिला मागच्या दारी जाऊन, एकटीला विचारा. आणि तिला पोटभर पिता येतं आहे तोवर विचारा.